लॅपटॉप खुर्चीवर कसा गेला?

"ताई, मी पुण्यातल्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकल, म्हणजे सीए शिकता शिकता उमेदवारी करणारी, आहे. एप्रिलमध्ये एका बँकेच्या ब्रँच ऑडिटसाठी आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. ब्रँच मॅनेजरसाहेबांनी स्टँडसमोरच्या हॉटेलात सोय केली होती. काउंटरवरच्या काकांनी आधारचा फोटो त्यांच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगितला, मी केला. एका रात्री सरांना रिपोर्टचा ड्राफ्ट कागदावर हवा होता, म्हणून काउंटरच्याच कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून प्रिंट काढली. दुसऱ्या दिवशी जेवून वर आले तर टेबलावर झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप खुर्चीवर होता आणि चादर बदललेली होती. काहीच गेलं नव्हतं. सर म्हणाले, कपाटात ठेवत जा. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. कुणी काही कॉपी केलं असेल का? मैत्रीण म्हणते, व्हीपीएन घे आणि बिनधास्त राहा. ऑगस्टमध्ये त्याच भागात स्टॉक ऑडिट आहे, राहायची सोय पार्टी, म्हणजे ज्या कर्जदाराचा माल मोजायचा तोच, करणार आहे. काय काय काळजी घेऊ?"
एक आर्टिकल, पुणे

चादर बदलायला आलेल्या पोराने टेबल पुसताना लॅपटॉप उचलून खुर्चीवर ठेवला असणार. बहुतेक वेळा गोष्ट एवढीच असते. खोल्या झाडणाऱ्या माणसांवर पहिला संशय घ्यायची आपल्याकडे वाईट खोड आहे, त्यामुळे तू काउंटरवर जाऊन आरडाओरडा केला नाहीस हे बरं झालं. पण मी "बहुतेक" म्हटल्याने तुझी झोप परत येणार नाही, हेही मला समजतं. त्या लॅपटॉपमध्ये सिनेमे आणि सहलीचे फोटो असते तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस. त्यात एका शाखेची कर्जखात्यांची यादी होती, एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या, नोंदी होत्या, सरांनी काढलेल्या शंका होत्या.

कुणी कॉपी केलं का, हे आता शोधून जवळजवळ कळत नाही. फाइल कॉपी झाली म्हणून मूळ फाइलवर ओरखडा उठत नाही. म्हणून प्रश्न थोडा फिरवून विचार: कुणाला कॉपी करायचंच असतं, तर करता आलं असतं का? याचं उत्तर तुला आज बसल्याजागी मिळेल.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघड आणि 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघ. ते चालू असलं की डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात राहतं. विंडोज प्रो असेल तर 'बिटलॉकर' हे नाव दिसेल, मॅक असेल तर 'फाइलव्हॉल्ट'. ते आधीपासून चालू असेल आणि झाकण उघडल्यावर लॅपटॉप पासवर्ड मागत असेल, तर एप्रिलचा लॅपटॉप डोक्यातून काढून टाक. चादर बदलायच्या वेळात खोलीत आलेल्या साध्या माणसाला त्यातून काही नेता येत नाही. बंद असेल, तर तुझा पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्याचा फारसा उपयोग नव्हता. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम सुरू केली, की सगळे फोल्डर उघडे. विंडोजचा पासवर्ड विंडोज सुरू झाल्यावरच विचारला जातो. या वाटांनी जाणारा विंडोज सुरूच करत नाही. लहान फर्ममध्ये बऱ्याचदा पोरांचे स्वतःचेच लॅपटॉप कामाला वापरतात, आणि हे कधी कुणी तपासलेलं नसतं.

एन्क्रिप्शन चालू केलंस की चोरीचा अर्थच बदलतो. लॅपटॉप गेला तर पैसे गेले, रडू येईल, पण बँकेच्या मॅनेजरला फोन करून "तुमच्या खातेदारांची माहिती गेली" असं सांगायची वेळ येणार नाही. मी सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरी करत होते. तो फोन घेणारी बाजू मी पाहिलेली आहे. त्या दिवशी लॅपटॉप कुठल्या कंपनीचा होता हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न एकच असतो: डिस्क एन्क्रिप्टेड होती का?

याच्याच जोडीला आणखी एक सवय. खोलीतून जेवायला खाली जाताना नुसतं झाकण लावू नकोस, शटडाउन कर. झाकण लावलेला लॅपटॉप झोपलेला असतो, आणि डिस्क उघडायची किल्ली त्याच्या मेमरीत जागीच असते. आणि एक्सेलबद्दल: आर्टिकल मंडळी 'प्रोटेक्ट शीट' करून निर्धास्त होतात. त्या पासवर्डने फक्त सेल बदलता येत नाहीत, आतला मजकूर लपत नाही. फाइल उघडतानाच पासवर्ड मागेल असं करायचं, ते 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' नावाने फाइल मेनूत असतं. बँकेकडून आलेली प्रत्येक एक्सेल तशी करून ठेव, आणि फाइल ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते त्याच ग्रुपवर पासवर्ड टाकू नकोस.

आता मला तुझ्या पत्रातली जी ओळ सगळ्यात खटकली तिच्याकडे येते. ती लॅपटॉपची नाही. "ब्रँच मॅनेजरसाहेबांनी सोय केली होती" ही ती ओळ.

तालुक्याच्या गावात चांगली हॉटेलं किती असतात? दोन, फार तर चार. बांधताना कर्ज कुणी दिलं असेल? गावातल्याच एखाद्या बँकेने. तू ज्या शाखेचं ऑडिट करत होतीस तिच्या कर्जखात्यांच्या यादीत त्या हॉटेलमालकाचं नाव होतं का, हे तू बघितलंस? त्याचा भाऊ, त्याची फर्म, त्याचा पेट्रोल पंप? नसेलही. पण असेल, तर तू ज्या काउंटरवर ड्राफ्ट रिपोर्टची प्रिंट काढलीस ते काउंटर त्या यादीतल्याच एका खातेदाराचं होतं.

हॉटेलातल्या डेटाची भीती म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला परदेशी हॅकर येतो. त्याला तुझ्या शाखेतल्या कॅश क्रेडिट खात्यांचं काय पडलंय? तुझ्या लॅपटॉपमधली माहिती जगाला कवडीमोल आहे, आणि त्या गावातल्या दहा-पंधरा माणसांना सोन्याची आहे. कुणाचं खातं थकलंय, कुणाचं गहाण कमी पडतंय, ऑडिटरने कुणाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. ही माणसं तुझ्या शेजारच्या टेबलावर मिसळ खात असतात. त्यामुळे पहिला आणि फुकटातला उपाय असा: हॉटेलच्या जेवणघरात, रिक्षात, लिफ्टमध्ये खातेदाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. सरांनी काढलं तरी तू "सर, वर बोलू या" म्हणायचं. सर चिडणार नाहीत. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टातलं पहिलंच कलम कामातून कळलेली माहिती बाहेर सांगण्याबद्दल आहे, आणि ते त्यांनी परीक्षेला तुझ्याआधी पाठ केलेलं आहे.

आता ती प्रिंट. पत्र खाली ठेवून आत्ता व्हॉट्सअ‍ॅप उघड, 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जा. तिथे तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपखेरीज काहीही दिसलं तर लॉग आउट कर. तुझा फोन बंद असला तरी जोडलेला कॉम्प्युटर मेसेज दाखवत राहतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आणि ती पीडीएफ? ती काकांच्या कॉम्प्युटरच्या 'डाउनलोड्स' मध्ये पडली. कदाचित अजून तिथेच असेल, लग्नाच्या पत्रिका आणि जीएसटीच्या बिलांच्या मधोमध. फोन करून "काका, ती डिलीट करा" म्हणण्याने तिच्याकडे उलट लक्ष जाईल, म्हणून तो विषय सरांच्या कानावर घाल आणि काय करायचं ते त्यांना ठरवू दे. रिपोर्ट त्यांच्या सहीचा आहे.

हॉटेलच्या सार्वजनिक कॉम्प्युटरची गोष्ट जुनी आहे, आणि ती फक्त लहान गावांची नाही. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या हॉटेलांना एक इशारा पाठवला होता. टेक्सासमधल्या डॅलस-फोर्ट वर्थ भागात काही लोक चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर पाहुणे म्हणून उतरत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर बसत, स्वतःच्या जीमेलमधून एक छोटा प्रोग्राम उतरवून चालू करत आणि निघून जात. त्यानंतर त्या कीबोर्डवर जो काही टाइप करेल ते सगळं, पासवर्डसकट, त्यांच्या मेलवर जाई. यात हॉटेलवाला सामील असायचीही गरज नव्हती. काउंटरवरच्या काकांच्या मनात काही नसेल. त्यांच्या कॉम्प्युटरवर आधी कोण बसून गेलं हे त्यांना तरी कुठे माहीत असतं?

मग प्रिंट काढायची कुठे? शाखेत. तिथे प्रिंटर आहे, कागद आहे, आणि माहिती त्यांचीच आहे. रात्री अकराला सरांना कागदच हवा असेल तर सकाळी साडेनऊपर्यंत थांबायला सांग.

कागदाचा विषय निघालाच आहे तर हेही. ऑडिटला गेलेल्या पोरांच्या खोलीतली कचऱ्याची बादली मला लॅपटॉपपेक्षा धोकादायक वाटते. चुकलेल्या प्रिंट, खातेदाराच्या पॅनची झेरॉक्स, मागच्या बाजूला बेरजा केलेलं लोन स्टेटमेंट, वर चहाचे कप. हे सगळं सकाळी एका काळ्या पिशवीत खाली जातं, आणि ते उघडून वाचायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. बॅगेत एक प्लॅस्टिकचं फोल्डर ठेव, रद्दी त्यात घाल, आणि शाखेत परत देऊन फाडायला लाव.

आधारबद्दल. तू फोटो पाठवलास तो आता काकांच्या गॅलरीत आहे, बहुधा त्यांच्या गूगल फोटोजमध्येही. ओळखपत्र दाखवायला तू नाही म्हणू शकत नाहीस. पाहुण्याची नोंद ठेवणं त्यांना पोलिसांसाठी भाग आहे. पण कुणाच्या खासगी मोबाईलवर पाठवायला तू नाही म्हणू शकतेस, आणि आधारच दाखवायला पाहिजे असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र पुढे कर. आधारच द्यायचं झालं तर 'मास्क्ड आधार' दे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून हॉटेलांना आधारची प्रत ठेवायचा अधिकार नाही असं म्हटलं होतं. दोन दिवसांत केंद्र सरकारने, लोकांचा गैरसमज होईल म्हणून, ते पत्रक मागे घेतलं. त्यामुळे काउंटरवर त्या पत्रकाच्या जोरावर भांडायला जाऊ नकोस. मास्क्ड प्रतीची सोय मात्र तशीच आहे. झेरॉक्स दिलीस तर तिच्यावर आडवं लिही: फक्त या हॉटेलातल्या मुक्कामासाठी, आणि तारीख. सही छायाचित्रावरून जाऊ दे. शिवाय एमआधार अ‍ॅपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेव. आधार क्रमांक आणि ठसा वापरून खात्यातून पैसे काढायचे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत; लॉक असलं की नुसता क्रमांक हाती लागून ती वाट उघडत नाही. स्वतःला कुठे ठसा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

मोठ्या हॉटेलात गेलो की हे प्रश्न सुटतात असं समजू नकोस. मॅरियटने ३० नोव्हेंबर २०१८ ला जाहीर केलं की त्यांच्या स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षणाच्या नोंदींत २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं. त्यात पाहुण्यांचे ५२ लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक एन्क्रिप्ट न केलेले, जसेच्या तसे होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये त्यांना १ कोटी ८४ लाख पौंड दंड केला. काउंटरवर जेवढं कमी देशील तेवढंच कमी गळेल, मग हॉटेल स्टँडसमोरचं असो की विमानतळाजवळचं.

दाराचंही तसंच. २००३ साली बर्लिनच्या एका हॉटेलातून, तेही संगणक सुरक्षेच्या परिषदेच्या वेळी, एका तज्ज्ञाचा लॅपटॉप खोलीतून गेला. दार फोडलेलं नाही, कार्डच्या कुलपाच्या नोंदीत कुणी आल्याची खूण नाही. त्याचे फिनलंडमधले सहकारी टोमी टुओमिनेन आणि टिमो हिरवोनेन यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं सोडला नाही आणि २०१८ मध्ये दाखवून दिलं की त्या जातीच्या कुलपाचं कुठलंही जुनं, मुदत संपलेलं कार्ड हाताशी असलं तर त्यावरून अख्ख्या हॉटेलची मास्टर किल्ली बनवता येते. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या सॅफलॉक कुलपांची अशीच गोष्ट बाहेर आली: १३१ देशांतली ३० लाखांहून जास्त दारं. कंपनीने दुरुस्ती काढलेली होती, पण दारोदार जाऊन एकेक कुलूप बदलायला वर्षं लागतात.

तुझ्या तालुक्याच्या लॉजवर कार्ड नसेल, कडी-कोयंडा आणि पितळी बिल्ला लावलेली किल्ली असेल. दुसरी किल्ली काउंटरच्या खिळ्यावर. मला विचारशील तर ही सोय कार्डापेक्षा बरी, कारण तिथे तुला स्वतःचं कुलूप लावता येतं. औषध कंपन्यांचे एमआर वर्षानुवर्षं हेच करतात. भक्तनिवासात उतरणाऱ्यांनाही ही सवय असते. एक चांगलं मध्यम आकाराचं कुलूप बॅगेत टाक आणि काउंटरला सांग की चादर मी असतानाच बदला. दोन दिवस तीच चादर चालते. जिथे कोयंडा नाही तिथे 'डू नॉट डिस्टर्ब' ची पाटी लाव.

कपाटातली इलेक्ट्रॉनिक तिजोरी सरांना आवडेल. पण पाहुणा आकडा विसरला तर हॉटेलला ती उघडता यावी लागते, म्हणून तिला हॉटेलकडचा एक मास्टर आकडा असतोच, आणि काही ठिकाणी तो कारखान्यातून आला तसाच, सहा शून्यं, राहिलेला सापडला आहे. दागिने आणि रोख ठेवायला ठीक, येता-जाता हात मारणाऱ्यापासून वाचतं. डेटासाठी तिच्यावर विसंबू नकोस. शिवाय लॅपटॉप त्यात बसतच नाही.

आता मैत्रिणीचं व्हीपीएन, म्हणजे तुझं सगळं इंटरनेट एन्क्रिप्ट करून दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय. ती सांगते ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी फार योग्य होतं. २०१० मध्ये फायरशीप नावाचा फुकटचा प्रोग्राम आला होता. तो ब्राउझरला जोडला की एकाच खुल्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुकमध्ये कुणालाही शिरता यायचं. त्या धक्क्याने मोठमोठी संकेतस्थळं हळूहळू एन्क्रिप्टेड झाली. आज तुझी बँक, मेल, आयकराचं पोर्टल सगळी तशीच चालतात, आणि वायफायवर कान लावून बसलेल्याला मजकूर वाचता येत नाही. कुठल्या साइटवर गेलीस एवढं फार तर कळतं. फर्मचं किंवा बँकेचं स्वतःचं व्हीपीएन असेल तर जरूर वापर. पण 'फ्री व्हीपीएन' नावाचं कुठलं तरी अ‍ॅप टाकलंस तर हॉटेलवाल्याला जे दिसलं असतं ते सगळं त्या अनोळखी कंपनीच्या हातात आपणहून देशील.

वायफायचा खरा धोका दुसरीकडे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या संगणक सुरक्षेच्या कंपनीने 'डार्कहॉटेल' नावाने एक प्रकरण उघड केलं. आशियातल्या महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांवर पाळत होती. माणूस खोलीत येई, वायफायला आडनाव आणि खोली क्रमांक टाके, आणि पडद्यावर येई: अमुक सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करा. केलं, की पाळत ठेवणारा प्रोग्राम आत. यात त्या माणसाने अपडेटला हो म्हटलं म्हणून तो फसला, व्हीपीएन नव्हतं म्हणून नव्हे. त्यामुळे नियम सोपा ठेव. हॉटेलच्या वायफायवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही, काहीही अपडेट करायचं नाही, आणि ब्राउझरने "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असं लाल अक्षरांत सांगितलं तर "तरीही पुढे जा" दाबायचं नाही. त्याहून सोपं म्हणजे स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट वापर. आपल्याकडे डेटा एवढा स्वस्त आहे की हॉटेलचं वायफाय मी फक्त रेंज नसेल तरच बघते.

मोबाईल स्वतःच्या चार्जरने भिंतीतल्या प्लगला लाव. पलंगाशेजारी नुसती यूएसबीची खाच असते तिच्यातून फोनमधला डेटा चोरला जाऊ शकतो, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेतही आहे, पण हल्लीचे फोन सहसा विचारल्याशिवाय डेटा देत नाहीत, त्यामुळे रात्रभर जागू नकोस. खोलीतल्या टीव्हीवर स्वतःचं खातं उघडलंस तर निघताना लॉग आउट कर. आणि खोलीतला फोन वाजून "रिसेप्शनवरून बोलतोय, कार्ड चाललं नाही, नंबर सांगा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेव आणि खाली जाऊन विचार.

ऑगस्टकडे येऊ. स्टॉक ऑडिट तर ब्रँच ऑडिटपेक्षा नाजूक. तू बँकेच्या वतीने ज्या पार्टीचा माल मोजायला चालली आहेस तीच पार्टी तुझी खोली बुक करणार, बिल भरणार, आणि बहुधा हॉटेलमालकाशी तिचं घरचं नातं असणार. समज, पार्टी जिनिंग मिलवाली आहे. गोडाऊनमध्ये गाठी कमी भरल्या, येणी जुनी निघाली, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या आणि येण्याच्या आधारावर उचलता येणारी कर्जाची मर्यादा, कमी होणार असं तुझ्या वर्किंगमध्ये, म्हणजे ऑडिटच्या टिपणांत, आलं, तर ते बँकेला कळायच्या आधी कळावं असं कुणाला वाटेल? आणि त्याच लॅपटॉपमध्ये गेल्या महिन्यात केलेल्या, त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जिनिंगवाल्याची देणेकऱ्यांची यादी पडलेली असेल, तर? ही यादी मिळवायला धंद्यातला माणूस बरंच काही करेल. दार उघडून देणारा तर त्याच्या खिशातच असतो.

म्हणून जायच्या आधी सरांकडे दोन गोष्टी माग. एक, खोली फर्मने बुक करावी आणि बिल फर्मने भरावं, मग बँकेकडून प्रवासखर्चात घ्यावं. हे डेटाच्याच नव्हे, ऑडिटरच्या स्वतंत्रपणाच्या दृष्टीनेही बरं दिसतं, त्यामुळे तुझ्या भीतीचा उल्लेखही न करता तू हे सुचवू शकतेस. दोन, लॅपटॉपमध्ये फक्त या एका पार्टीचं फोल्डर असावं. एप्रिलची शाखा, मागचे क्लायंट, कुणाची तरी रिटर्न्स, सगळं ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा एन्क्रिप्ट केलेल्या हार्ड डिस्कवर ठेवून इथून पुसून टाक. रिसायकल बिनसुद्धा रिकामी कर. मुक्कामात लॅपटॉप हरवला तर काय काय गेलं, हे तुला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आज नाही सांगता येणार, हो ना?

तिथे पोहोचल्यावर पार्टीचा अकाउंटंट स्टॉक स्टेटमेंट पेनड्राइव्हवर देईल. "मेल करा" म्हण. त्यांच्या ऑफिसचा पेनड्राइव्ह गावभर फिरलेला असतो.

आणि खरोखरच लॅपटॉप किंवा फोन गेला, तर लपवू नकोस, शोधत बसू नकोस. त्याच तासात सरांना फोन कर. फर्मने बँकेला गोपनीयतेची लेखी हमी दिलेली असते, आणि बँकेला उशिरा कळवणं हे चोरीपेक्षा अंगाशी येतं. सरांच्या फोनवरून तुझ्या मेलचे सगळे लॉगिन बंद कर, पासवर्ड बदल. पोलिसांत तक्रार दे. मोबाईल असेल तर तक्रारीची प्रत घेऊन संचार साथीच्या पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक कर. तो क्रमांक आत्ताच *#०६# दाबून बघ आणि वहीत लिहून ठेव. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन.

शेवटी एन्क्रिप्शनबद्दल एक राहिलं, आणि ते घाईत करू नकोस. चालू करताना विंडोज ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की देतं. साध्या विंडोजमध्ये ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते, प्रोमध्ये कुठे ठेवायची ते विचारतं. ती खरंच तिथे पोहोचली का, हे दुसऱ्या मशीनवरून खातं उघडून बघ, आणि एक प्रत छापून घरच्या कपाटात ठेव. लॅपटॉपच्या बॅगेत नको. मदरबोर्ड बदलला किंवा एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉपने ती मागितली आणि तुझ्याकडे नसली, तर तुझं वर्किंग तुलाही परत मिळणार नाही. त्यामुळे हे ऑगस्टच्या आदल्या रात्री करू नकोस. या रविवारी कर, आधी बॅकअप घेऊन.